झाडीतल्या लेकींची सायकल आणि आपली उसाची ट्रॉली



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कोणाची लागण चालू असेल, कोणाच्या खोडव्याला पाणी चालू असेल, तर कोणी तोडीची टोळी कधी येते म्हणून चिटबॉयच्या वाटेकडे डोळे लावून बसला असेल. अशा घाईत सायकलवर लेख कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की, ऊस आपला, ट्रॉली आपली, आणि त्या ट्रॉलीच्या बाजूने सायकलीवरून शाळेला जाणारी लेकही आपलीच. म्हणून हा विषय कारखान्याबाहेरचा नाही. शेवटपर्यंत वाचलेत म्हणजे पटेल.

आपल्याकडे पाणी आले, मागून ऊस आला, उसाच्या बिलातून घरात फटफटी आली, आणि सायकल जी गोठ्याच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. आता तिच्यावर कोंबड्या बसतात. कर्त्या पुरुषाला सायकलची गरज उरली नाही, म्हणून घरात कोणालाच उरली नाही असे आपण धरून चाललो. पण घरातली सून रेशनला कशी जाते, लेक हायस्कुलात कशी पोचते, म्हातारी सासू गोळ्या आणायला कोणाच्या मागे बसते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. गाडी एक, चावी एक, आणि ती चावी बहुधा बाप्यामाणसाच्या खिशात! बाई मात्र कोणीतरी सोडायला येईल म्हणून खोळंबलेली.

ज्या मुलखात गाड्या कमी, एसटी तुरळक आणि जंगल दाट, तेथल्या बायकांनी या अडचणीतून वाट कशी काढली ते आधी पाहू. मग आपल्या रस्त्याकडे वळू.

झाडीपट्टीचा मुलूख

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. पूर्वी हा एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. दोहोंच्या मधून वैनगंगा वाहते. गडचिरोली जिल्ह्याची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. चंद्रपूरकडे ताडोबाचे प्रसिद्ध अरण्य आहे. ते १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. या भागाला लोक झाडीपट्टी म्हणतात. पीक मुख्यतः धानाचे. जुने मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या यांच्या पाण्यावर बांध्या भरतात. पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्याच्या तोंडी मोहफूल, मे महिन्यात तेंदूपान, असे तेथले वर्ष. आणि या तिन्ही कामांत वाकून राबणारी मुख्यतः बाईच.

गावे लहान आणि एकमेकांपासून लांब. एकाच गावाचे दोन-चार टोले, मधे झाडी, मधे नाला. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत घडले. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्यापर्यंत अहेरीहून पहिली एसटी गेली ती १ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट झाले ही चांगलीच गोष्ट. पण जेथे गाडीच येत नाही तेथे तिकीट निम्मे असले काय नि फुकट असले काय!

अशा ठिकाणी सायकल ही हौसेची वस्तू राहत नाही. विळा, कुऱ्हाड, सूप यांच्या पंक्तीला बसणारी ती घरातली एक गरजेची चीज होते.

हिशेब वेळेचा

आपण हिशेबी माणसे. काट्यावर किलो-दोन किलोचा फरक दिसला तरी विचारतो. तेव्हा हाही हिशेब करून पाहा. शाळा पाच किलोमीटरवर आहे असे धरा. पायी चालणाऱ्या पोरीला तासाला चार किलोमीटर या गतीने सव्वा तास लागतो. सायकल सावकाश चालवली, तासाला बारा किलोमीटर, तरी पंचवीस मिनिटांत ती शाळेच्या दारात. एका फेरीत पन्नास मिनिटे वाचली. जाऊन-येऊन शंभर मिनिटे, आठवड्याचे सहा दिवस धरले तर दहा तास. आठवड्याला दहा तास! त्यातले पाच अभ्यासाला मिळाले तरी दहावीचा निकाल बदलतो. आणि उरलेल्या पाचांत ती घरकामाला हात लावते, म्हणून आईही तिला शाळेतून काढायचे नाव घेत नाही.

मुलींची शाळा सुटते ती बहुधा आठवीनंतर. गावात सातवीपर्यंत शाळा असते, पुढची शाळा मोठ्या गावाला. ‘पोरगी हुशार आहे, पण पाठवायची कशी?’ हे वाक्य झाडीपट्टीत जसे, तसेच आपल्या माळावरच्या वस्त्यांतही ऐकू येते. हे ओळखून राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाने २०११ पासून राज्यातल्या २२ जिल्ह्यांच्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी दोन गोष्टी केल्या. लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकली. सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या वाटांवर गणवेशातल्या पोरींची जी रांग सायकलीवर दिसते, तिच्यातल्या कित्येक सायकली अशा आलेल्या आहेत.

या रांगेचे महत्त्व २०२१-२२ च्या एसटी संपात ध्यानी आले. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत गाड्या नीट धावल्या नाहीत. जिच्या घरी सायकल होती तिची वाट निदान चालू राहिली. जी केवळ गाडीवर अवलंबून होती तिला घरी बसावे लागले किंवा पाय तुडवावे लागले.

हा अनुभव केवळ आपल्या राज्याचा नव्हे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा जेथे तीन किलोमीटरहून लांब होती तेथे गुण जास्त आला. म्हणजे मुलींना शिकायचे नव्हते असे नाही. मधले अंतर कापायला साधन नव्हते, इतकेच.

दवाखान्याचे दोन प्रकारचे अंतर

आता आरोग्याची गोष्ट. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून गडचिरोलीत काम करीत आहे. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. १९८९ मध्ये त्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० बायकांच्या तपासणीचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावरून जाणे, पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग असा स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार होता. आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासून घेतलेल्या बायका शंभरात केवळ आठ! साऱ्या जगाचे डोळे उघडणारा हा अभ्यास ठरला.

बाकीच्या बायका का गेल्या नाहीत? दवाखाना लांब होता हे खरे. पण एवढेच खरे नाही. बाईच्या आजाराला दवाखान्याचे अंतर दोन प्रकारचे असते, एक पायाचे आणि दुसरे संकोचाचे. नवऱ्याला सांगवत नाही, सासूला सांगितले तर ‘आम्हांला नव्हतं का होत?’ हे ऐकावे लागते, आणि बाप्या डॉक्टरापुढे तोंड उघडत नाही. पहिले अंतर सायकल कापते. दुसरे कापायला मैत्रीणच लागते. ‘मला पण होतं बाई तसं, चल, दोघी मिळून जाऊ’ असे शेजारीण म्हणते, तेव्हा निम्मा आजार तेथेच हलका होतो. सायकल दोघींजवळ असली की त्या गाडीची, नवऱ्याची आणि बाजाराच्या दिवसाची वाट पाहत नाहीत.

तान्ह्या बाळांच्या बाबतीतही तेच. सर्चने १९९५ पासून ३९ गावांत तेथल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन, अंगाची ऊब, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची खूण ओळखणे आणि वेळीच औषध देणे हे काम त्या घरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहते. सहा फेऱ्या झाल्या. हजार वस्तीत वर्षाला पंधरा बाळंतपणे धरली तर नव्वद फेऱ्या केवळ बाळांसाठी. त्याशिवाय मलेरियाची रक्ततपासणी, गरोदर बायकांची नोंद, गोळ्या वाटणे, लसीकरणाला बोलावणे. गडचिरोलीत मलेरियाचे रुग्ण पुष्कळ, हे लक्षात घ्या. या टोल्यावरून त्या टोल्यावर, तेही वजनकाटा नि पिशवी घेऊन जाणाऱ्या आशाताईला सायकल असणे आणि नसणे यांत किती फरक पडत असेल, हे सांगायला नको.

बाळंतिणीने दारातून सांगावे, ‘ताई, बाळ सकाळपासून दूध ओढत नाही हो,’ आणि ताईने सायकल भिंतीला टेकवून आधी बाळाच्या छातीचा श्वास मोजावा. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार पडणे, बाळ ढिले पडणे, या धोक्याच्या खुणा आहेत. अशा वेळी बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावे. ताई एक तास उशिरा पोचली असती तर, हा प्रश्न तेथे पुस्तकातला नसतो.

वाघ आणि पोरींचा कायदा

झाडीपट्टीच्या वाटेवर मोठी भीती वाघाची आणि अस्वलाची. २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही गडचिरोलीत वावरू लागले. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणूस यांची गाठ पडून दरवर्षी माणसे दगावतात. मोहफूल वेचताना, गवत कापताना, सरपण गोळा करताना, म्हणजे वाकलेल्या माणसावर हल्ला होण्याचा धोका अधिक, आणि वेळ बहुधा पहाटेची नाहीतर दिवेलागणीची.

अशा वाटेने पोरी शाळेला जातात त्या कशाच्या बळावर? एकमेकींच्या. सकाळी पहिली पोर घंटी वाजवीत दुसरीच्या दारी येते, दोघी तिसरीकडे, आणि वेशीपाशी पाच-सहा जमल्याशिवाय जंगलाच्या वाटेला चाक लागत नाही. ऊन अंगावर आल्यावरच निघायचे. बोलत, घंटी वाजवीत जायचे, म्हणजे जनावर आधीच बाजूला होते. जोराने मारणारीने पुढे पळायचे नाही, मागचीला दिसेल एवढ्याच अंतरावर राहायचे. एकीने ‘थांबा वो, माझी चेन उतरली’ अशी हाक दिली की सगळ्या थांबतात. चार हात काळे होतात आणि रांग पुन्हा चालू लागते. नाला आला तर एक दप्तरे धरते, दोघी मिळून सायकल पलीकडे नेतात. एखादी आजारी असली तर तिचा अभ्यास संध्याकाळी दुसरी तिच्या घरी पोचविते. शाळेच्या वर्गात मैत्री होते, पण ती पक्की होते वाटेवर.

चंद्रपूर शहरात चित्र निराळे. हे देशातल्या अतिशय तापणाऱ्या शहरांपैकी एक. शिवाय औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी भोवती. तेथे व्यायामासाठी सायकल मारायची तर उन्हाळ्यात भल्या सकाळीच निघावे लागते, कारण ऊन चढले की रस्ता तव्यासारखा. म्हणजे शहरातल्या बाईला सकाळ लवकर गाठायची, आणि जंगलकाठच्या पोरीला सकाळ थोडी वर येऊ द्यायची. ज्या त्या मुलखाचे शहाणपण निराळे; पण एकटीने न जाता सोबत घेऊन जावे, हे दोन्हीकडे सारखेच.

चाक घरात आले कसे

दोन चाके सारखी असलेली, साखळीवर चालणारी आजच्या धर्तीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास जॉन केम्प स्टार्ली याने बाजारात आणली. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे याच माणसाने लोखंडी नांगर बनविला आणि १९१० मध्ये सांगलीकडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. नांगराआधी सायकल आली, हे मात्र अनेकांना ठाऊक नसेल.

बायकांनी सायकलीवर बसावे की नाही यावर तेव्हा युरोप-अमेरिकेतही मोठे वाद झाले. घोळदार झगे चाकात अडकत, म्हणून सुटसुटीत पोषाख आला, आणि त्यावरून म्हाताऱ्यांची कुरकूर झाली. म्हणजे ‘सायकल शिकली की पोरगी हाताबाहेर जाते’ ही बोली काही आपल्याच पाराची मिरास नव्हे!

आपल्या देशातला मोठा प्रयोग तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात झाला. १९९१ मध्ये तेथे साक्षरतेची चळवळ उभी राहिली, तेव्हा जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकलही शिकविण्याचे मनावर घेतले. १९९२ मध्ये तेथल्या ७० हजार बायकांनी जाहीर मेळाव्यांत सायकल चालवून दाखविली. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिले आहे. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीताई, सगळ्या जणी शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि त्याच त्यांना सोयीच्या वाटल्या. का? तर पुढच्या दांडीवर पोराला बसविता येते!

सायकल आणि शरीर

आता काही उपयोगाच्या गोष्टी. या भगिनींनी वाचाव्यात आणि बंधूंनी वाचून दाखवाव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला निदान दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम प्रकारची अंगमेहनत करावी. पाच किलोमीटरची रोजची जा-ये सहा दिवस केली की बरोबर तीनशे मिनिटे होतात. ज्या घरी शेतातले काम मजुरांवर गेले, दळण गिरणीवर गेले आणि मधुमेह घरात आला, तेथल्या भगिनींना हे औषध बिनपैशाचे आहे. आणि ज्या शेतात राबतातच, त्यांना सायकल व्यायामापेक्षा आराम देते. वीस किलोचे ओझे डोक्याऐवजी कॅरिअरवर गेले की मान आणि कंबर दोन्ही सुटतात.

बसण्याची जागा फार खाली असली तर गुडघे दुखतात. सायकलीशेजारी उभे राहिले असता सीट कमरेच्या हाडाएवढी उंच असावी. नवशिकीने सुरुवातीला थोडी खाली ठेवावी. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असल्याशिवाय साडी-ओढणीने बसू नये. पदर खोचून, ओढणी मागे बांधून घ्यावी. ब्रेक आणि हवा आठवड्यातून एकदा पाहावी.

पाळीच्या दिवसांत सायकल चालविली तर गर्भाशयाला इजा होते, पुढे मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे. बरे वाटत असेल तर खुशाल चालवावी, फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. गरोदरपणी मात्र डॉक्टरांना विचारावे. धोका चालविण्याचा नसून तोल जाऊन पडण्याचा असतो, आणि पोट वाढू लागले की तो वाढतो.

थोड्या चढाला दम लागतो, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, असे होत असेल तर सायकलीला दोष न देता रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. ऊस भागातल्या बायका त्यातून सुटल्या आहेत असे मानू नये. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. असा आजार असलेल्या मुलीने भरपूर पाणी प्यावे, दमेपर्यंत सायकल मारू नये, उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत जपावे. अंग पिळून निघाल्यासारखे दुखू लागले तर थेट दवाखाना गाठावा.

आणखी एक. शाळेत मुतारी धड नाही म्हणून पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात सायकल मारून घाम जातो. लघवीची जळजळ, ताप, डोकेदुखी यामागे पुष्कळदा हेच कारण असते. शाळा समितीवर आपले कित्येक सभासद आहेत. फाटकाच्या कमानीआधी मुलींच्या मुतारीला पाणी आहे की नाही ते पाहावे.

आपल्या रस्त्यावरचा वाघ

आता आपल्या गावी परत या. आपल्या पोरींच्या वाटेवर वाघ नाही, हत्ती नाहीत. आपल्या वाटेवर गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आहेत.

झाडीपट्टीतला वाघ डरकाळी देतो, माग सोडतो, वनखाते गावाला सावध करते. आपली ट्रॉली मात्र अंधारात रस्त्याकडेला मुकाट उभी असते. टायर फुटले म्हणून ड्रायव्हर टायर घेऊन गावात गेलेला. मागे रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलाने किंवा लोंबत्या वाढ्याने झाकलेला. चाकाला लावलेले दगड ट्रॉली निघून गेल्यावरही रस्त्यात तसेच. ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ट्रॅक्टरवर स्पीकर ठणाणा करतो आहे, मागून कोणी घंटी वाजविली काय नि हाक मारली काय, ड्रायव्हरच्या कानी जात नाही. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि जादा तास सुटून पोरी घरी निघतात ती वेळ नेमकी गव्हाणीकडे जाणाऱ्या रांगेची.

एखाद्या मुलीला ट्रॉलीचा नुसता धक्का लागला, तर त्या आठवड्यात वस्तीवरच्या चार मुलींच्या सायकली बंद होतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांतल्या दोघींचे नाव शाळेच्या पटावर दिसत नाही. बाप म्हणतो, ‘रस्ता धड नाही, पोरीचं कसं करायचं?’ बाप चुकत नाही. रस्ता धड करण्याचे काम मात्र आपले आहे, कारण त्या रस्त्यावर चालणारे ओझे आपल्या फडातून निघालेले असते. दर हंगामाला परिवहन खाते आणि पोलीस कारखान्यांवर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. पण ते आठवड्याचे काम. रोजची नजर सभासदाचीच.

म्हणून आमचे सभासद बंधू-भगिनींना आग्रहाचे सांगणे असे :

आपल्या फडातून ट्रॉली भरून निघताना मागे जाऊन एकदा पाहा. रिफ्लेक्टर आहे का, दिसतो का, ऊस बाहेर लोंबत नाही ना. नसेल तर गाडी हलू देऊ नका. ऊस आपला आहे, तेव्हा हे सांगण्याचा हक्क आपला आहे.

गाडी वाटेत मोडली तर मागे पन्नास पावलांवर दिसेल अशी खूण ठेवावी, आणि गाडी निघताना दगड बाजूला टाकल्याशिवाय ड्रायव्हरने जाऊ नये, हे त्याला पहिल्याच खेपेला बजावा. स्पीकरचा आवाजही तेव्हाच कमी करायला लावा.

शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी गावातून ट्रॉल्या सावकाश जाव्यात, यासाठी गटकार्यालयात शाळेच्या वेळा कळवा. ज्या गावाला हे साधेल त्याने दुसऱ्या गावाला सांगावे. वार्षिक सभेत भावावर आपण तास-दोन तास बोलतोच. दहा मिनिटे या विषयाला मागून घ्या.

आणि घरातले काम. गोठ्याच्या भिंतीची ती सायकल खाली काढा. कोंबड्यांना दुसरी जागा मिळेल. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेनकव्हर आणि मागे लाल रिफ्लेक्टर बसवून ती आधी लेकीला द्या आणि रविवारी सुनेला शिकवा. शिकताना कोणी हसले तर सासूबाईंनी पुढे व्हावे, म्हणजे हसणारे गप्प बसतात. वस्तीवरच्या मुलींना एकत्र बसवून झाडीपट्टीतल्या पोरींचा कायदा सांगा : वेशीपाशी जमायचे, मिळून निघायचे, एकीची चेन उतरली तर सगळ्यांनी थांबायचे.

हंगाम सर्वांना भरभराटीचा जावो, आणि काट्यावर गेलेल्या प्रत्येक गाडीमागे रस्त्यावरची प्रत्येक लेक सुखरूप घरी पोचो.